तीस पौंड हवा

टपरीवर चहा घेताना कुणी नुसतं "काल गाडी पंक्चर झाली राव" एवढं म्हणालं, की झालं! चहा थंड होतो, विषय होत नाही. प्रत्येकाला आपली पंक्चर आठवते आणि प्रत्येकाची पंक्चर समोरच्याच्या पंक्चरपेक्षा मोठी असते. मी तर चिखलीहून बावीस किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या हायस्कूलला रोज मोटारसायकलने अप-डाउन करणारा भूगोलाचा मास्तर. माझ्याकडे वर्गातल्या आठवणी कमी आणि रस्त्याच्या कडेच्या जास्त आहेत, हे कबूल करायला मला अजिबात लाज वाटत नाही.

रस्ता कसा, ते विचारू नका. अर्धा झालेला, अर्धा खोदलेला. त्यावर बाभळीचे काटे, बैलांच्या नालांचे खिळे, कापसाच्या गाठींना बांधतात त्या पट्ट्यांचे तुकडे. नाही म्हणायला डांबर तेवढं कमी सापडतं.

आम्ही चौघं एकत्र जायचो. वानखडे सर विज्ञानाचे, सगळ्यांत सीनियर, प्रत्येक गोष्टीमागचं तत्त्व सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खरात मॅडम गणिताच्या, बोलतात कमी, पण बोलल्या की समोरचा गप्प. मी होतोच. आणि चौथा इंगळे, आमचा पी.टी.चा मास्तर, सहा फूट उंच, आवाज असा की शिट्टीची गरज नाही, तरी गळ्यात शिट्टी कायम.

इंगळेचं वय चौतीस आणि लग्न ठरत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या ग्रुपात पंक्चरच्या खालोखाल याच विषयाची चर्चा असायची. वडील नाहीत, घरी आई एकटी. अकरा स्थळं होऊन गेली होती. कधी यांच्याकडून नाही, बहुतेकदा तिकडून नाही. माणूस सोन्यासारखा, पण चारचौघांत स्वतःबद्दल दोन बऱ्या गोष्टी सांगायच्या म्हटलं की याची जीभ टाळ्याला चिकटायची. आम्हाला सगळ्यांना मनापासून वाटायचं, याचं एकदाचं होऊन जावं.

* * *

गाड्यांना ट्यूबलेस टायर आले तेव्हा इंगळेनेच पहिलं प्लग किट आणलं. त्यात एक दातेरी टोच्या, एक सुईसारखं नाक असलेला टोच्या, रबराच्या चिकट पट्ट्या आणि सोल्युशनची ट्यूब. खिळा काढायचा, दातेरी टोच्याने भोक साफ करायचं, नाकात पट्टी ओवून ती भोकात खुपसायची आणि टोच्या झटक्यात बाहेर ओढायचा. पट्टी आत राहते, हवा भरा आणि चालू लागा. चाक खोलायचं नाही की काही नाही.

पण "झटक्यात" हा शब्द वानखडे सरांना मान्य नव्हता.

त्यांची गाडी पहिल्यांदा पंक्चर होऊन बसली तेव्हा ते म्हणाले, "इंगळे, तू बाजूले हो. घर्षणाचा नियम आहे, मी करतो." पट्टी खुपसली आणि टोच्या अगदी हळूहळू, प्रेमाने बाहेर काढला. टोच्याबरोबर पट्टीही बाहेर! पुन्हा खुपसली, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तेच झालं. सर घामाघूम. आम्ही तिघं बाजूला उभे, हसू दाबून दाबून पोटं दुखायला लागली.

शेवटी इंगळे म्हणाला, "सर, नियम राहू द्या घडीभर. दात उपटल्यासारखा ओढा!"

सरांनी चिडून दोन्ही हातांनी असा काही हिसका दिला की टोच्या हातात घेऊन ते मागच्या मागे रस्त्याकडेच्या नालीत जाऊन बसले. नालीत गुडघाभर चिखल. पण पट्टी आत पक्की राहिली होती.

चिखलात बसल्या बसल्या सर म्हणाले, "पाह्यलं? हेच सांगत होतो मी तुमाले."

त्या दिवशी त्यांनी दहावीचा तास इंगळेच्या ट्रॅकपँटवर घेतला. पँट सहा फुटी, सर पाच-तीन.

* * *

किट एक आणि गाड्या चार, म्हणून आम्ही एक नियम केला. ज्याची गाडी शेवटची पंक्चर झाली, किट त्याच्या डिक्कीत. ऐकायला न्याय्य वाटतो की नाही? पण या नियमातली गोम अशी, की ज्याच्याकडे किट आहे त्याची गाडी काही केल्या पंक्चर होत नाही. आणि ज्याची होते, तो नेमका त्या दिवशी एकटाच उशिरा निघालेला असतो.

ही गोम पहिल्यांदा खरात मॅडमच्या लक्षात आली. गणिताच्याच त्या! कुणाला काही न सांगता त्यांनी स्वतःचं वेगळं किट घेतलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीसारख्याच एका पिशवीत ठेवलं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी पिशवी उघडली तर डबा. दुसरी उघडली, त्यातही डबा. दोन डबे समोर मांडून मॅडम विचार करत बसल्या. तेवढ्यात त्यांच्या मिस्टरांचा फोन. ते एका ऑफिसात क्लार्क, स्वभावाने अतिशय गरीब.

फोन स्पीकरवर नव्हता, पण स्टाफरूम छोटी, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"अहो, आज भाजी कायची हाय?"

"काऊन?"

"नाही, म्हणजे... तक्रार नाही. जरा चिवट दिसून राह्यली."

* * *

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच हसतो.

एकदा मी एकटा, गाडी बसली, आणि नवल म्हणजे किट माझ्याकडेच. मला वाटलं, आज दाखवूच. चाक फिरवून फिरवून पाहिलं, खिळा दिसेना. टायरच्या खाचेत एक काळा ठिपका दिसला. म्हटलं हेच भोक. दातेरी टोच्या लावला. जाता जाईना. अंगातली सगळी ताकद लावली, उभं राहून वजन टाकलं, तेव्हा कुठे आत गेला. पट्टी घातली, पंप मारला, अभिमानाने हात झटकले. दोन किलोमीटरवर गाडी पुन्हा जमिनीला टेकली.

ढकलत ढकलत फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेली. दुकानदाराने चाकावर पाणी ओतलं, बुडबुडे पाहिले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे एक भोक खिळ्याचं हाय. त्यातून हवा जाऊन राह्यली. आन हे दुसरं, पट्टी घातलेलं, हे कायचं?"

"ते माझं."

"म्हंजे?"

"म्हणजे ते मीच पाडलं."

त्याने जुनी पट्टी चिमट्याने उपटली, दोन्ही भोकं नीट केली, हवा भरली. मी निघालो तेव्हा फार समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी शिकवत जा. हे आमी पाहतो."

* * *

तपासणीचा दिवस मात्र आमच्या शाळेत कुणीही विसरलेलं नाही. वरच्या ऑफिसातून एक साहेब येणार होते. दहा मिनिटांचं काम, सही करायची आणि पुढच्या शाळेत जायचं, असा निरोप होता. साहेब आले, गाडी मैदानात लावली आणि ड्रायव्हरला दुसऱ्या कामासाठी पुढच्या गावात पाठवून दिलं; स्वतः गाडी चालवत जाऊन ते त्याला वाटेत घेणार होते. हेडमास्तरांनी नारळपाणी दिलं, साहेबांनी सही केली, सगळं छान चाललं होतं.

वानखडे सर मैदानातून येत होते. त्यांना साहेबांच्या गाडीच्या टायरमध्ये खिळ्याचं डोकं चमकताना दिसलं.

आता खिळा आत आहे तोवर हवा आत असते, हे तत्त्व सरांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण साहेबांवर उपकार करायची संधी वारंवार येते का? त्यांनी प्रयोगशाळेतली पक्कड आणली आणि मोठ्या हौसेने खिळा उपटला. फुस्सस्स! तो आवाज पार सातवीच्या वर्गापर्यंत गेला.

सर धावत स्टाफरूममध्ये आले. "किट! किट कोणाकडे हाय?"

किट इंगळेकडे. आणि इंगळे रजेवर. का? तर मुलगी पाहायला मेहकरकडे गेलेला! मॅडमचं किट दोन डब्यांच्या प्रकरणापासून मिस्टरांनी घरात कुठेतरी लपवून ठेवलं होतं. गाडीतली स्टेपनी लावावी म्हटलं, तर डिक्कीची वेगळी चावी नेमकी ड्रायव्हरच्या खिशात.

साहेब दुपारी चारपर्यंत अडकले. आता माणूस करणार काय? दहा मिनिटांत सही करून निघालेला तो माणूस, त्याला वेळ जात नव्हता. म्हणून त्याने शाळा तपासली. म्हणजे खरोखर तपासली! हजेरी, खिचडीचा तांदूळ, पाण्याची टाकी, माझ्या भूगोलाच्या वह्या, मी उलटा टांगलेला ऑस्ट्रेलियाचा नकाशा. एकवीस शेरे निघाले.

दुसऱ्या दिवशी सूचना वहीत हेडमास्तरांचं स्वच्छ अक्षर: "यापुढे शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनातील खिळा मुख्याध्यापकांच्या पूर्वपरवानगीशिवाय काढू नये." खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. वानखडे सरांनी सही करून कंसात "तत्त्वतः मान्य" असं लिहिलं.

* * *

इंगळेची गोष्ट वेगळी होती. तो प्लग फक्त आमचेच लावायचा नाही. रस्त्यात कुणाचीही गाडी बसलेली दिसली की हा थांबणार. दूधवाला, ग्रामसेवक, सासरी निघालेलं जोडपं, ऊसतोडीवाल्यांची मोटारसायकल. त्याच्याच्याने पुढे जाववतच नाही. पंक्चर काढायची, थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहायचं, पट्टीची बाहेर उरलेली शेपटी ब्लेडने कापायची, आणि "सावकाश जा" म्हणायचं. कुणी काही द्यायला लागलं की हा गाडीला किक मारून पसार.

हळूहळू त्या रस्त्यावरच्या पाच-सहा गावांत तो "पंक्चरवाले सर" म्हणून ओळखला जाऊ लागला. आम्ही चेष्टा करायचो, त्यालाही मजा वाटायची. ती मजा अकराव्या स्थळाच्या वेळी अंगाशी आली.

मुलीकडचे लोक न सांगता चौकशीला आले. आपल्याकडे अशी चौकशी पानटपरीवर होते, आणि तीच खरी धरतात. मुलीच्या वडिलांनी फाट्यावर विचारलं, "हे इंगळे म्हणून हायेत, कसा माणूस हाय?"

टपरीवाला खूश. "कोण, पंक्चरवाले? एक नंबर माणूस! माह्या गाडीची तीनदा काढली. मागच्या सोमवारी इथंच, भर उन्हात, उकिडवं बसून!"

"पंक्चरवाले?"

"हाव! या रोडले सगळ्याईचे पंक्चर तेच काढते."

मुलीचे वडील आल्या पावली परत गेले. मध्यस्थाला फोन गेला, "मुलगा मास्तर सांगितला होता तुम्ही. हा तं पंक्चर काढते!" मध्यस्थाने परोपरीने समजावलं. उपयोग झाला नाही. नकार चांगल्या शब्दांत आला, पण नकारच.

इंगळेच्या आईने दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "लग्न ठरेपर्यंत दुसऱ्याच्या टायरले हात लावशील तं माही शपथ हाय तुले." इंगळेने शपथ घेतली. किट त्याने माझ्या हवाली केलं. ते घेताना मला खरंच वाईट वाटलं.

* * *

शपथ पाळणं त्याला किती जड गेलं म्हणून सांगू! रस्त्यात गाडी बसलेली दिसली की हा मान दुसरीकडे वळवायचा. मग आरशात बघायचा. मग आरसाही वळवून टाकायचा.

एकदा मात्र रोहिणखेडकडून आलेले एक काका रस्त्यात किट घेऊन बसलेले दिसले. नवं किट, वापरायचं कसं ते माहीत नाही, टोच्या उलटा धरलेला. इंगळेने गाडी थांबवली. मी म्हटलं, "इंगळे, शपथ!"

"शपथ हाताची हाय सर. तोंडाची नाही."

दोन्ही हात खिशात घालून तो काकांसमोर उभा राहिला. आणि पी.टी.च्या तासाला देतो तशा ऑर्डरी सुरू झाल्या. "खिळा उपट! टोच्या सरळ! आत घाल... फिरव! एक, दोन, एक, दोन! थांब! पट्टी ओव!" काका घाबरून सगळं बरोबर करत होते. शेवटी इंगळेने दातांत शिट्टी धरून अशी जोरात फुंकली की दचकून काकांनी टोच्या झटक्यात ओढला. पट्टी पहिल्याच फटक्याला बसली.

काका उभे राहिले, पायजमा झटकला, आणि अदबीने विचारलं, "सर, आता जाऊ का घरी?"

* * *

आणि आता देऊळगाव राजाचं.

बारावं स्थळ तिथलं निघालं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स, वडील पोस्टातून रिटायर झालेले, आडनाव जाधव. माहिती घेऊन झाली होती, पत्रिकेची त्यांना हौस नव्हती, फक्त पाहणं बाकी. रविवारी बाराची वेळ दिली. इंगळेच्या आईच्या गुडघ्यांना मोटारसायकल झेपत नाही, म्हणून तिने मला बोलावून सांगितलं, "सर, तुम्ही जा संग. तो काई बोलत नाही. दोन शब्द तुम्ही बोला. आन त्याले रस्त्यात थांबू देऊ नका." शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली.

आम्ही नऊलाच निघालो. इंगळेच्या अंगात नवा कोरा फिकट पिवळा शर्ट. गाडी माझी, तो मागे. एप्रिल महिना, दहा वाजताच ऊन चटके द्यायला लागलेलं. देऊळगाव मही सोडून आम्ही जरा पुढे गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक पांढरी कार, मागचं चाक पार बसलेलं. गॉगल घातलेला एक तरुण मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता, दोन माणसं चाकाकडे नुसती बघत होती, आणि एक म्हातारी मावशी डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी. आसपास झाड नाही.

मी वेग वाढवला. आरशात इंगळे मागे वळून बघताना दिसत होता. अर्धा किलोमीटर गेलो असू.

"सर, थांबवा."

"इंगळे, आईची शपथ आहे!"

"शपथ आईची हाय, आई समजून घेईल. ती मावशी उन्हात उभी हाय हो."

मी थांबवली आणि मागे वळवली. काय करणार? शपथ त्याची, पण मावशी मलाही दिसलीच होती.

त्या लोकांनी फळांच्या करंड्या ठेवायला जागा हवी म्हणून स्टेपनी घरीच काढून ठेवली होती. इंगळेने बाह्या दुमडल्या आणि उकिडवा बसला. चार इंची खिळा निघाला. भोक साफ, सोल्युशन, पट्टी, झटका. सहा महिन्यांनी माणूस आपल्या घरी आल्यासारखा दिसत होता तो! मी पायपंप मारायला घेतला. गॉगलवाला लांबूनच म्हणाला, "जरा लवकर करा हां."

मावशी जवळ आली. "कुठं चालले बाबा तुम्ही?"

"देऊळगावराजाले," इंगळे म्हणाला.

"आमीबी तिथंच. या आमच्या विकीसाठी मुलगी पाहायले. पोस्टातले जाधव हायेत ना, त्याईची. नर्स हाय. साडेदहाचा टाइम देला होता, पाह्य इथंच साडेदहा वाजले."

माझा पाय पंपावर जागच्या जागी थांबला. इंगळेने पंपावरचा काटा पाहिला.

"सर, अठरा पौंड झाली. तीस पाहिजे."

मी त्याला ओढत गाडीपलीकडे नेलं. "अरे बावळटा, ऐकलंस का? त्याच घरी चाललेत! तुझ्या आधी पोचतील! गाडी आहे, गॉगल आहे, करंड्या आहेत!"

"मंग? अठरावर सोडू काय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मास्तराने द्यायचं नसतं. इंगळे परत गेला आणि उरलेली हवा त्याने स्वतः भरली. बरोबर तीस. थुंकी लावून बुडबुडा पाहिला, शेपटी कापली. "सावकाश जा," म्हणाला. गॉगलवाल्या विकीने हात लांब करून त्याच्या तळहातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले, आणि गाडी धूळ उडवत गेली.

एका हॉटेलच्या हौदावर हात धुतले. सोल्युशन आणि टायरची काळी कधी साबणाने निघते का? मातीने घासलं, राखेने घासलं. शर्टाच्या बाहीवर एक पट्टा तसाच. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्या आईपुढे कोणत्या तोंडाने जायचं तेही कळत नव्हतं. घासूनही काळेच राहिलेले ते हात पाहिले आणि माझे डोळे भरून आले, हेही सांगून टाकतो.

बाराला जाधवांच्या दारात पोचलो तेव्हा पांढरी कार नुकतीच परत निघाली होती. ओसरीवर करंड्या. जाधवसाहेब हसतमुख. "या, या. आधीच्या पाहुण्यांना उशीर झाला, म्हणून जरा पसारा आहे. रस्त्यात पंक्चर झाली होती म्हणे. बरं झालं कुणी पंक्चरवाला भेटला, त्यानं काढून दिली."

मी म्हटलं, "हो का? वा, वा."

मुलगी पोहे घेऊन आली. तिने प्लेट पुढे केली आणि इंगळेच्या हातांकडे पाहिलं. मग बाहीकडे. समोर खुर्चीवर बसली आणि सरळ विचारलं, "हाताला काय लागलंय?"

मी घाईने म्हणालो, "प्रिंटरची शाई! निकालाचे दिवस आहेत ना..."

"नाही," इंगळे म्हणाला. "टायरचं सोल्युशन हाय."

मी पोह्यांत मान घातली.

"म्हणजे त्यांची गाडी तुम्ही दुरुस्त केली?"

"हो."

"ते आमच्याकडंच येऊ लागलेत, हे माहीत होतं का?"

"हवा भरता भरता कळलं."

"मग पूर्ण कशाला भरली?"

इंगळेने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला बैठकीत सलग इतकं बोलताना ऐकलं. "तीस पौंड लागते त्या गाडीले. अठरावर सोडली असती तं टायर कडेनं फाटलं असतं. आन गाडीत मावशी होती."

जाधवसाहेब पंख्याकडे बघत राहिले. आतल्या दारात तिची आई येऊन उभी राहिली होती. मुलगी उठली आणि आत गेली. मला वाटलं संपलं, बारावंही गेलं. मी निरोपाचे दोन शब्द मनात जुळवायला लागलो.

ती परत आली ती हातात किल्ली घेऊन. "अंगणात माझी स्कूटर आहे. मागच्या चाकाची हवा जातीय सारखी. बघता का?"

इंगळे तिच्याआधी अंगणात! साबणाचं पाणी मागवलं, चाक उचलून धरलं, एक एक खाच तपासली. हवेचा वॉल पाहिला, रिंगची कड पाहिली. ती पायरीवर बसली होती. मी खिडकीतून पाहत होतो. ती काहीतरी विचारायची, हा चाकाकडे बघत उत्तर द्यायचा. आईचे गुडघे, शाळेचं मैदान, तिच्या रात्रपाळ्या. बोलता बोलता तो एकदा चक्क हसला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. जाधवसाहेबांनी मला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

शेवटी इंगळे उभा राहिला, गोंधळून म्हणाला, "मी सगळं चाक पाह्यलं. याच्यात पंक्चर नाही हो."

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि आईला पुन्हा चहा ठेवायला सांगायला आत गेली.